मासेमारी बोटीचे वायरिंग नव्याने करताना ठेवलेल्या नोंदी (मे ते ऑगस्ट २०२४)

२६ मे २०२४

पौर्णिमेच्या उधाणाचा फायदा घेऊन बोट परवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्याच्या खाडीत आणून काठावर ओढली. हर्णै बंदर पश्चिमेला उघडे असल्यामुळे पावसाळ्यात तेथे बोटी राहू शकत नाहीत, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे वायरिंगच्या कामाला मला दोन महिने मिळतात. बोट थोरल्या भावाची आहे. फायबरची, साडेतेरा मीटर लांब, सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) २४ व्होल्टचा आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या १३० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर, दिवे आणि तळातले पाणी उपसणारा पंप मात्र १२ व्होल्टवर चालतात.

एप्रिलमध्ये नांगरावर रात्र काढल्यावर पहाटे इंजिन सुरू झाले नाही आणि दुसऱ्या बोटीने ओढून आणावे लागले. दीड वर्षात बॅटरी निकामी होण्याची ही तिसरी वेळ होती, आणि तिन्ही वेळा दोष बॅटरीवर ढकलून नवी बॅटरी घेतली गेली. मी घरांचे वायरिंग करतो, बोटीचे कधीच केलेले नाही. तरीही तिन्ही वेळा दोहोंपैकी तीच एक बॅटरी जावी, हे मला पटत नव्हते. ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांच्यासाठी या नोंदी लिहीत आहे.

२ जून

इंजिनाला पिंपातून नळीने पाणी देऊन दहा मिनिटे चालवले आणि मोजमापे घेतली. दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून २८.१ व्होल्ट आले. हा आकडा पाहून कोणीही डायनामो (इंजिनावर वीज तयार करणारे यंत्र) ठणठणीत आहे असेच म्हणेल, आणि तो ठणठणीत होताच. त्यानंतर प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजली. इंजिनाच्या निगेटिव्हला जोडलेल्या बॅटरीवर, जिला या नोंदींत मी ‘अ’ म्हणेन, १२.८ व्होल्ट होते. ‘ब’ वर १५.३ व्होल्ट.

दुखणे येथेच सापडले. १२ व्होल्टची सगळी उपकरणे एकट्या ‘अ’ वरून घेतली होती. रात्रभर ‘अ’ उतरते, ‘ब’ भरलेलीच राहते, आणि सकाळी इंजिन सुरू झाल्यावर डायनामोला दोघींची फक्त बेरीज दिसते. ती बेरीज २८ च्या आसपास आली की त्याच्या लेखी काम झाले. ‘अ’ ला पुरेसा दाब कधीच मिळत नाही आणि ‘ब’ ला नको तितका मिळून तिच्यातले पाणी उकळून जाते. आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावल्यावर ‘अ’ चे आम्ल १.१४० भरले, म्हणजे जवळजवळ रिकामी. ‘ब’ मध्ये पाणी इतके खाली गेले होते की प्लेटा उघड्या पडल्या होत्या. दोन्ही बॅटऱ्या निकामी झाल्या आहेत, त्याही एकमेकींच्या उलट कारणांनी.

बंदरातल्या आणखी चार बोटी पाहिल्या. त्यांतल्या तीन बोटींत २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतलेले दिसले, चौथीत १२ व्होल्टची बॅटरी वेगळी होती. जोडायला सोपे आणि पहिले काही महिने काहीच बिघडत नाही, म्हणून ही पद्धत रुजली असावी.

४ जून

सगळी बटणे बंद करून ‘अ’ ची पॉझिटिव्ह वायर सोडवली आणि मध्ये मीटर लावून किती वीज जाते ते पाहिले. १८० मिलिअँपिअर. सर्व बंद असताना जीपीएसच्या स्मृतीपुरते फार तर काही मिलिअँपिअर जायला हवे होते. एकेक वायर सोडवत गेल्यावर तळातल्या पंपाच्या फ्लोट स्विचची (पाणी वाढले की पंप आपोआप सुरू करणाऱ्या स्विचची) वायर काढताच आकडा ४ वर आला.

पंपाची ही वायर मुख्य स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरून घेतलेली होती. हे योग्यच आहे, कारण बोटीवर कोणी नसताना पाणी भरले तरी पंप चालला पाहिजे. चूक जोडात होती. दोन वायरी नुसत्या पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली होती आणि तो जोड पाण्यात बुडालेला होता. खाऱ्या पाण्यातून चोवीस तास वीज वाहत होती. दिवसाला सव्वाचार अँपिअर-तास ही त्यातली लहान हानी आहे. मोठी हानी धातूची होते. एक अँपिअर वीज वर्षभर सलग अशी गळत राहिली तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळवू शकते. बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ, बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेल्या जस्ताच्या वड्या चार महिन्यांत का संपत होत्या, याचा उलगडा बहुधा येथे आहे. बोट चालवणारे तांडेलकाका गेली दोन वर्षे जस्तच हलक्या प्रतीचे येते असे सांगत होते. त्यांना मीटरचा आकडा दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतः तो जोड कापून काढला.

९ जून

जुने वायरिंग पूर्ण काढले. अर्धे ठेवून अर्धे बदलायचे, असा माझा विचार होता. पण वायरीचे टोक सोलल्यावर आतले तांबे काळे-हिरवे निघाले आणि वीतभर मागे कापले तरी तसेच. साध्या तांब्याच्या बारीक तारांमधून खारी ओल आत खेचली जाते. जिथे ही वायर काळी पडली आहे तिथे नवे थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचे धातूचे टोक) बसवून काही उपयोग नाही.

डिझेल टाकीच्या मागच्या पडदीत ज्या भोकातून मुख्य पॉझिटिव्ह वायर येत होती तिथे तिचे वेष्टन घासून गेले होते आणि फायबरवर तळहाताएवढा करपलेला डाग होता. बोर्डावर फ्यूज होते, पण बॅटरीपासून बोर्डापर्यंतच्या तीन मीटर वायरीला काहीच संरक्षण नव्हते. घरी मीटरच्या खोलीत फ्यूज असतो म्हणून बोर्डापासून पुढचाच विचार करायची मला सवय आहे. येथे वीज बॅटरीत तयारच असते, आणि १३० अँपिअर-तासांची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते. फ्यूज उपकरणासाठी नसून वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत हवा. हा डाग पाहिल्यावर त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही. त्या पडदीच्या अलीकडे सहा माणसे झोपतात.

१५ जून

साहित्य आणण्याआधी भाराची यादी केली. वायरलेस नुसता ऐकताना ०.४ अँपिअर घेतो आणि बोलताना साडेपाच, जीपीएस आणि फिश फाइंडर मिळून दीड, एलईडी दिशादर्शक दिवे मिळून एक, केबिनचे दिवे एक, मोबाइल चार्जिंग दोन, पंप चार. जाळे ओढताना इंजिन चालूच असते, त्यामुळे कसोटी नांगरावरच्या रात्रीची. दहा तासांत वायरलेसचे ४, फक्त जीपीएसचे १०, नांगराच्या दिव्याचे अडीच, केबिनचे ६, मोबाइलचे १० आणि पंपाचे ४ धरून साडेछत्तीस अँपिअर-तास होतात. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून १०० अँपिअर-तासांची एक स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी पुरेल. सेल्फच्या दोन बॅटऱ्यांवर सेल्फ आणि इंजिनाची वीज सोडून काहीही जोडायचे नाही, हे भावाशी ठरवून घेतले. त्याला तिसऱ्या बॅटरीचा खर्च नको होता. टो करून आणलेल्या दिवशी वाया गेलेल्या बर्फाचा आणि डिझेलचा हिशेब काढल्यावर तो तयार झाला.

वायरीची जाडी ठरवताना घरचा अंदाज कामाचा नाही. घरात २३० पैकी एक व्होल्ट गेला तर कळतही नाही, बोटीत १२ पैकी एक गेला तर वायरलेस बंद पडतो. तांब्याच्या एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरीचा रोध ०.०१७५ ओहम. वायरलेसपर्यंत जाण्याचे आठ आणि परतीचे आठ असे सोळा मीटर धरले तर ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत, साडेपाच अँपिअरला, पाव व्होल्ट जातो, म्हणजे सुमारे दोन टक्के. महत्त्वाच्या उपकरणांना तीन टक्क्यांपेक्षा जास्त घट द्यायची नाही, असा नियम मी पाळला. परतीची लांबी धरायला विसरू नका. माझ्या पहिल्या कागदावर ती धरलेली नव्हती आणि सगळ्या वायरी निम्म्या जाडीच्या निघाल्या होत्या.

२१ जून

एक पूर्ण दिवस आणि ९०० रुपयांची थिंबले वाया गेली. टिनचा मुलामा दिलेली वायर मुंबईहून मागवली, पण थिंबल दाबायला घरच्या कामातली हातपक्कड वापरली. चाळीस टोके तयार झाल्यावर सहज म्हणून एक जोर लावून ओढले, तर वायर थिंबलमधून अलगद बाहेर आली. सगळी चाळीस ओढून पाहिली. त्यांपैकी सतरा निसटली. उरलेल्यांवरही भरवसा ठेवता येत नव्हता, म्हणून सर्व कापून टाकली. हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्र २,९०० रुपयांना घेतले. तेच आधी घ्यायला हवे होते.

टोकांना डाख देऊन टाकावा असे गॅरेजवाल्यांनी सुचवले होते. एका टोकाला दिला आणि तिथे वायर शंभरेक वेळा वाकवून पाहिली. डाख जिथे संपतो तिथेच ती तुटली, कारण डाखाचा भाग काठीसारखा ताठ होतो आणि सगळा ताण त्याच्या कडेवर येतो. इंजिनाच्या थरथरीत हेच घडेल. म्हणून फक्त दाबलेले थिंबल आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळून बसणारी हिट श्रिंक स्लीव्ह. गोंद कडेने बाहेर डोकावला तरच स्लीव्ह नीट बसली असे समजावे.

३ जुलै

चार दिवस पावसात ताडपत्रीखाली वायरी ओढल्या. सर्व वायरी तळापासून शक्य तितक्या उंच, दर वीतभर अंतरावर बांधून, आणि प्रत्येक भोकात रबरी कडे बसवून नेल्या. परतीची प्रत्येक वायर एकाच तांब्याच्या पट्टीवर आणली. जुन्या रचनेत डेकच्या दिव्याची निगेटिव्ह इंजिनाच्या बोल्टला आणि पंपाची शाफ्टजवळच्या लोखंडाला जोडलेली होती. असे करणे म्हणजे इंजिन आणि पंखा यांनाच वायर म्हणून वापरणे आहे.

डोलकाठीवरच्या दिव्याचे जुने मोजमाप नोंदवून ठेवतो. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना दिव्यापाशी ९.६ मिळत होते. वायरीच्या जाडीमुळे एक व्होल्ट जाणे हिशेबात बसत होते. उरलेले दोन व्होल्ट तीन गंजलेल्या जोडांनी खाल्ले होते. तारेच्या बल्बला एवढा दाब कमी मिळाला की उजेड निम्म्याहूनही कमी होतो. दिवा पेटतो म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते.

टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील २६ व्या नियमानुसार जाळे ओढणाऱ्या बोटीने हिरवा दिवा वर आणि पांढरा खाली, असे चहूबाजूंनी दिसणारे दोन दिवे लावायचे असतात. साडेतेरा मीटरच्या बोटीवर ते दोन सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत. आमच्या केबिनवर सजावटीच्या रंगीत एलईडी पट्ट्या होत्या, त्यांतला लाल-हिरवा उजेड खऱ्या दिव्यांत मिसळत असे. त्या काढल्या. खलाशांना वाईट वाटले, पण मालवाहू जहाजावरच्या माणसाने काय समजायचे, हा प्रश्न त्यांनाही पटला.

८ जुलै

२४ व्होल्टवरून १२ करणारा २,८०० रुपयांचा कन्व्हर्टर आणला आणि पहिल्याच चाचणीत अडकलो. तो सुरू केला की वायरलेसमध्ये खरखर. शांत चॅनेलवर जाऊन स्क्वेल्चचे, म्हणजे क्षीण आवाज गाळणारे, बटण खरखर जेमतेम थांबेल तिथे ठेवले, मग एकेक उपकरण सुरू केले. कन्व्हर्टरबरोबर डेकचा एक एलईडी फ्लडलाइटही दोषी निघाला. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये नेमक्या याच दोषाबद्दल, म्हणजे एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ वायरलेसमध्ये आणि जहाजांची ओळख व जागा कळवणाऱ्या एआयएस यंत्रणेमध्ये येणाऱ्या अडथळ्याबद्दल, सूचना काढली होती, आणि तपासणीची पद्धतही हीच आहे.

यातला धोका असा की खरखर आली की माणूस स्क्वेल्च वाढवतो. खरखर थांबते, आणि तिच्याबरोबर दूरच्या बोटीचा क्षीण आवाजही थांबतो. चॅनेल १६ वर कोणी मदत मागितली तर ती हाक ऐकूच येणार नाही. फ्लडलाइट बदलून आणला. कन्व्हर्टर परत घेतला गेला नाही, तो पडून आहे.

१६ जुलै

कन्व्हर्टरऐवजी २४ व्होल्टवरून १२ व्होल्टची बॅटरी भरणारा १५ अँपिअरचा चार्जर बसवला, किंमत ९,२०० रुपये. दोहोंत फरक असा की चार्जर १४.२ व्होल्टपर्यंत चढवतो आणि रिकामी बॅटरी कितीही मागत असली तरी १५ अँपिअरच्या पुढे जात नाही. वायरलेसवर खरखर नाही. सेल्फच्या दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी बनलेल्या, एकाच क्षमतेच्या घेतल्या. जोडीतली एकच बदलली तर जुनी नवीला ओढून खाली आणते.

२३ जुलै

आठवडाभराने पाहिले तर सेल्फच्या बॅटऱ्या २४.२ व्होल्टवर आल्या होत्या. चार्जर मी कायमचा जोडून ठेवला होता. इंजिन बंद असतानाही तो त्यांच्यातून वीज काढून तिसऱ्या बॅटरीत भरत राहिला. जो दोष घालवण्यासाठी महिनाभर राबलो तोच दुसऱ्या वाटेने माझ्याच हातून परत आला होता. चार्जरमध्ये किती व्होल्टला सुरू व्हायचे ते ठरवता येते. ते २६.६ ठेवले आणि २६ च्या खाली बंद होण्यावर लावले. २६.६ व्होल्ट फक्त डायनामो चालू असतानाच येतात, म्हणून आता इंजिन बंद असताना तो काहीच घेत नाही. दोन दिवस ठेवून खात्री केली.

५ ऑगस्ट

काल अमावास्या होती. आज दुपारच्या भरतीला बोट पाण्यात उतरली. बॅटऱ्या हवेशीर पेटीत, पट्ट्याने आवळून बांधल्या आहेत. टर्मिनल आधी घासून स्वच्छ केले, आवळले, आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली लावून मग आवळणारे बरेच जण पाहिले. तिचा थर मध्ये राहता कामा नये.

७ ऑगस्ट

सेल्फ मारताना मोजले. बॅटरीवर २१.६ व्होल्ट आणि सेल्फच्या टर्मिनलवर १९.८. मधले १.८ व्होल्ट कुठे गेले ते शोधताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे इंजिनाच्या अंगावर ठेवले, तर तिथेच दीड व्होल्ट दिसले. इंजिनाला जाणाऱ्या जाड निगेटिव्ह केबलचे थिंबल रंगावरच आवळलेले होते. रंग खरवडून, नवे थिंबल लावून तीच घट ०.२ वर आली आणि सेल्फ ऐकणाऱ्यालाही कळेल इतका जोरात फिरू लागला. ही केबल ‘जाड आहे, चांगली आहे’ म्हणून मी जूनमध्ये बदलली नव्हती. भार नसताना तिच्यावर काहीच दोष दिसत नाही. मोजमाप वीज वाहत असतानाच घ्यावे लागते.

तांडेलकाकांची एक जुनी सवय सोडवावी लागली. डायनामो चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी ते इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प उचलत असत. जुन्या डायनामोला ते चालून जायचे. आता ज्याला आपण डायनामोच म्हणतो त्या अल्टरनेटरमधले डायोड त्या झटक्याने जळू शकतात. त्यांना बोर्डावर व्होल्टमीटर बसवून दिला आणि मुख्य स्विचवर ‘इंजिन चालू असताना बंद करू नये’ असे रंगाने लिहिले.

२५ ऑगस्ट

नारळी पौर्णिमेनंतर २१ तारखेला बोट पहिल्या फेरीला गेली. काल रात्री परतली. मी सोबत होतो. दुसऱ्या रात्री नांगरावर, पहाटे साडेचारला, १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.४ आणि सेल्फच्या जोडीवर २५.३ व्होल्ट. इंजिन सुरू झाल्यावर सेल्फच्या दोन बॅटऱ्या स्वतंत्र मोजल्या: १४.१ आणि १४.१. वायरलेसवर बोलताना त्याच्या मागच्या टर्मिनलवर ०.३ व्होल्ट घट. सर्व बंद असताना गळती ३ मिलिअँपिअर.

एक दोष निघाला. नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, हिरव्या दिव्यात लाटेचे पाणी शिरले. दिव्याला वायर वरून येत होती आणि पाणी तिच्यावरून ओघळत आत जात होते. वायर आत शिरण्याआधी खाली लोंबती वळवून पुन्हा वर नेली, म्हणजे थेंब त्या वळणाच्या तळाशी गळून पडतो.

खर्च: वायरी १४,६००; सेल्फच्या दोन बॅटऱ्या २५,०००, त्यांतून भंगाराचे ४,४०० वजा; तिसरी बॅटरी ९,८००; चार्जर ९,२००; फ्यूज, पट्ट्या आणि स्विच ५,४००; दिवे ६,३००; फ्लोट स्विच १,४००; थिंबले आणि स्लीव्ह २,७००; क्रिम्पिंग यंत्र २,९००; आणि पडून असलेला कन्व्हर्टर २,८००. एकूण ७५,७०० रुपये. कामाचे दिवस तेवीस, त्यांतले सहा चुका निस्तरण्यात गेले.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांक आहेत आणि त्यांचा नकाशा केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकखाली चिकटवला आहे. जस्ताच्या नव्या वड्यांचे वजन बसवण्यापूर्वी लिहून ठेवले आहे. डिसेंबरात बोट काठावर आली की त्या पुन्हा तोलणार आहे.